घड्याळ कुणाचं?

जानेवारी १९९७मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल सामना झाला. त्याच्या मध्यंतरातल्या कार्यक्रमात आवाज वाहून नेण्यासाठी एक नवी वाट वापरली गेली. कार्यालयांतले संगणक जोडणारं साधं इथरनेटचं जाळं तिथे गाणं-बजावणं नेत होतं. कोलोरॅडोतल्या बोल्डर गावच्या पीक ऑडिओ या कंपनीने ही पद्धत आदल्याच वर्षी तयार केली होती. तिचं नाव कोब्रानेट, आणि ती ज्यांच्या डोक्यातून निघाली त्या अभियंत्याचं नाव केव्हिन ग्रॉस.

त्याआधी जगभर एकच रीत होती आणि आपल्याकडच्या बऱ्याच नाट्यगृहांत ती अजूनही आहे. प्रयोगाआधी सभागृहात डोकावलं, तर रंगमंचापासून मागच्या मिक्सरपर्यंत मनगटाएवढी जाड मल्टिकोर केबल अंथरलेली दिसते. साउंडवाले तिला स्नेक म्हणतात. प्रत्येक मायक्रोफोनसाठी तिच्यात तांब्याच्या तारांची वेगळी जोडी असते. ही केबल महाग असते आणि उचलायला दोन माणसं लागतात. रंगमंचाचं आणि मिक्सरचं अर्थिंग जुळलं नाही, की स्पीकरमधून ‘हम’ येऊ लागतो आणि मग तिसरी घंटा होईपर्यंत त्याचं मूळ शोधत बसावं लागतं. इथरनेटची तार बोटापेक्षा बारीक असते, १०० मीटरपर्यंत जाते आणि तिच्या दोन्ही टोकांना छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. त्यामुळे एका यंत्राचं अर्थिंग दुसऱ्याला थेट भिडत नाही. हम येण्याची ही एक वाट आपोआप बंद होते.

पुढच्या काळात या वाटेवर गर्दी झाली. २००३मध्ये रेडिओ केंद्रांसाठी लाइव्हवायर आलं, २००६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ऑडिनेट कंपनीचं दान्ते आणि २०१०मध्ये म्युनिकहून रावेना. तार सगळ्यांची एकच होती, तारेतली बोली मात्र प्रत्येकाची निराळी. एका कंपनीचा मिक्सर दुसऱ्या कंपनीच्या स्टेजबॉक्सला ओळखत नव्हता. अखेर ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीने एक कार्यगट नेमला आणि त्याचं नेतृत्व केव्हिन ग्रॉस यांच्याकडेच आलं. सप्टेंबर २०१३मध्ये या गटाचं काम एईएस६७ या नावाने प्रसिद्ध झालं. स्वतःची पद्धत घडवलेल्या माणसाने पुढे सगळ्यांना जोडणारी सामाईक पद्धत लिहून काढायला हातभार लावावा, ही या क्षेत्रातली मोठी गोष्ट आहे. त्या दस्तऐवजामुळेच आज एखादा हौशी अभियंता किंवा महाविद्यालयातला गट जाळ्यावर चालणारा खुला ऑडिओ इंटरफेस बनवायचं मनावर घेऊ शकतो.

असा इंटरफेस म्हणजे एक डबा. एका बाजूला आठ मायक्रोफोन लावायला आठ एक्सएलआर सॉकेट, दुसऱ्या बाजूला इथरनेटचं एकच आरजे४५. आत मायक्रोफोनचा क्षीण विद्युतदाब वाढवणारे प्रीअँप, त्याचे आकडे करणारे रूपांतरक आणि ते आकडे पाकिटांत भरून जाळ्यावर सोडणारा प्रोसेसर. सर्किटचा आराखडा, छापील पट्टीची मांडणी आणि आतला प्रोग्राम, सगळं कुणालाही बघता, बदलता आणि बनवता यावं अशी अट.

आवाज वाहून नेणं हा यातला सोपा भाग आहे, हे आकड्यांवरून लगेच कळतं. सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा, म्हणजे एका मायक्रोफोनला सेकंदाला ११,५२,००० बिट लागतात. आठांचे मिळून सुमारे ९२ लाख होतात. आजच्या साध्या गिगाबिट जाळ्याच्या क्षमतेचा हा शंभरावा हिस्साही नाही. एईएस६७च्या नेहमीच्या पद्धतीत एका पाकिटात एका मिलिसेकंदाचा आवाज असतो. आठ वाहिन्यांचे प्रत्येकी ४८ नमुने भरले तर १,१५२ बाइट होतात आणि इथरनेटच्या १,५०० बाइटांच्या मर्यादेत ते आरामात मावतात. अशी हजार पाकिटं दर सेकंदाला निघतात. पाकिटांची रचना आरटीपी नावाची आहे. ती इंटरनेटवाल्यांनी १९९६मध्येच ठरवून दिली आणि ती कुणालाही फुकट वाचता येते.

अवघड भाग घड्याळाचा.

प्रत्येक डब्यात क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो आणि त्याच्या कंपनांवरून डबा ‘सेकंदाला ४८,०००’ मोजतो. पण जगातले कुठलेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दोन डब्यांच्या स्फटिकांत दहा लाखांत वीस भागांचा फरक असणं अगदी सामान्य आहे. मग दर सेकंदाला जवळजवळ एक नमुना कमी किंवा जास्त पडतो. तासाभरात ही तफावत ३,४५६ नमुन्यांवर, म्हणजे ७२ मिलिसेकंदांवर जाते. ऐकणाऱ्या टोकाला थोडा आवाज साठवून ठेवणारा बफर असतो. तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखा वागतो. येणारी धार जाणाऱ्या धारेपेक्षा किंचित जास्त असली, तर टाकी कधीतरी भरून वाहणार; किंचित कमी असली, तर कोरडी पडणार. टाकी मोठी केली तर तो क्षण फक्त लांबतो आणि आवाज तेवढा उशिरा पोचतो. वाहिली किंवा कोरडी पडली, की ऐकणाऱ्याच्या कानावर ‘टक्’ असा आवाज येतो. ख्यालाच्या विलंबित आलापीत असा एक टक् सगळी बैठक विस्कटायला पुरेसा आहे.

यावर एक उपाय सॉफ्टवेअरचा आहे. येणारा आवाज सतत सूक्ष्म प्रमाणात ताणायचा किंवा आखडायचा आणि दोन घड्याळांतला फरक गिळून टाकायचा. फॉन्स एड्रियान्सन यांच्या लिनक्सवरच्या खुल्या झिटा साधनांत हे काम फार सुंदर केलेलं आहे. पण आठ-आठ मायक्रोफोनांचे चार डबे एकाच वाद्यवृंदासमोर ठेवले, तर सगळ्यांनी एकाच क्षणी नमुना घ्यायला हवा. एकच व्हायोलिन दोन डब्यांच्या मायक्रोफोनांत शिरतं आणि दोघांचे क्षण सरकत राहिले, तर मिसळलेला आवाज पोकळ होतो. म्हणून घड्याळंच जुळवावी लागतात.

ती जुळवण्याची रीत पीटीपी या नावाने ओळखली जाते. आयईईई १५८८ या मानकात ती सांगितली आहे. मानक पहिल्यांदा २००२मध्ये आलं आणि २००८मध्ये नव्याने लिहिलं गेलं. जाळ्यावरची यंत्रं ठरलेल्या निकषांवर आपल्यातलं एक घड्याळ प्रमुख म्हणून निवडतात. ते बंद पडलं, तर दुसरं आपसूक जागा घेतं. प्रमुख घड्याळ निरोप पाठवतं आणि तो कधी निघाला हे सांगतं. दुसरं यंत्र तो कधी पोचला हे टिपतं, मग उलट निरोप पाठवतं आणि त्याच्याही निघण्या-पोचण्याच्या वेळा टिपल्या जातात. या चार वेळांच्या वजाबाकीतून वाटेत किती वेळ गेला आणि आपलं घड्याळ किती पुढे-मागे आहे, दोन्ही कळतं. मात्र जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागतो, असं या हिशेबात गृहीत धरलेलं असतं. मधल्या स्विचमध्ये एकाच दिशेला गर्दी झाली, की गणित चुकतं.

एईएस६७ने या घड्याळाचा जो उपयोग केला, तो पाहून आनंद वाटतो. १ जानेवारी १९७० या क्षणी नमुन्यांची संख्या शून्य होती, असं सगळ्यांनी धरायचं. जुळलेलं घड्याळ पाहून प्रत्येक डबा तेव्हापासून आजवर किती नमुने व्हायला हवेत ते स्वतःच मोजतो. डब्यांनी एकमेकांना काही विचारण्याची गरजच उरत नाही. पाकिटावर लिहिला जाणारा नमुना-क्रमांक ३२ बिटांचा असल्याने तो दर २४ तास ५१ मिनिटांनी पुन्हा शून्यावर येतो. नव्याने प्रोग्राम लिहिणारा हे विसरला, तर त्याचा डबा दिवसभर बिनतक्रार चालून दुसऱ्या दिवशी अचानक गडबडेल. म्हणून असा डबा किमान दोन दिवस अखंड चालवून पाहिल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नये.

निरोप कधी आला ही नोंद कोण करतं, यावर बाकी सगळं अवलंबून असतं. प्रोसेसरवर चालणाऱ्या प्रोग्रामने ती केली, तर मधल्या कामांमुळे ती कितीतरी मायक्रोसेकंद चुकते आणि एका नमुन्याचा काळ जेमतेम २१ मायक्रोसेकंद आहे. म्हणून ही नोंद इथरनेटच्या चिपमध्येच व्हायला हवी. इथे चिप निवडताना डोळ्यांत तेल घालावं लागतं. हौशी लोकांचा आवडता रास्पबेरी पाय ३ यात बाद होतो, कारण त्याचं इथरनेट यूएसबीमधून जातं. पाय ४च्या पट्टीवर ही सोय नाही; त्याच पिढीच्या, २०२०मध्ये आलेल्या कॉम्प्युट मॉड्यूल ४मध्ये मात्र आहे. एसटीएम३२ जातीच्या काही स्वस्त मायक्रोकंट्रोलरांमध्येही ती आहे. काही उत्पादक गुप्ततेच्या करारावर सही केल्याशिवाय चिपची माहितीपुस्तिका देत नाहीत. तशी चिप कितीही चांगली असली तरी खुल्या आराखड्यात ती घेऊ नये, कारण पुढे कुणी डबा सुधारायला घेतला, तर त्याच्या हातात नकाशाच नसेल.

घड्याळाच्या बाबतीत खुलं काम किती उंच जाऊ शकतं, याचं उदाहरण जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनकेंद्रात आहे. कणत्वरकाच्या यंत्रणा एका तालावर चालवण्यासाठी तिथे व्हाइट रॅबिट ही पद्धत विकसित झाली. ती इथरनेटवरून नॅनोसेकंदाच्याही आत घड्याळं जुळवते. तिचे आराखडे पहिल्यापासून खुले आहेत आणि आयईईई १५८८च्या २०१९च्या आवृत्तीत तिच्या कल्पना अधिकृतपणे सामावल्या गेल्या. या कामाशी जोडलेल्या झाविएर सेरानो यांचा सर्नच्या खुल्या हार्डवेअरच्या परवान्यातही मोठा वाटा आहे. तो परवाना २०११मध्ये आला, त्याची दुसरी आवृत्ती २०२०मध्ये. आवाजाला इतकी अचूकता लागत नाही. पण वेळ मोजण्यासारखं नाजूक काम बंद दाराआडच नीट होतं, हा समज व्हाइट रॅबिटने कायमचा मोडला.

डब्याचा जुना, ॲनालॉग भाग मात्र तितकाच जिद्दी आहे. १५० ओहमचा साधा रोधकसुद्धा खोलीच्या तापमानाला आपली एक खरखर करतो, सुमारे उणे १३१ डीबीयू. उत्तम प्रीअँप त्याच्या दोन-तीन डेसिबलवर येऊन थांबतो. त्याखाली जायला निसर्ग वाव देत नाही. कंडेन्सर मायक्रोफोनला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा ६.८ किलोओहमच्या दोन रोधकांतून द्यावा लागतो. हे दोन्ही रोधक एकमेकांशी नेमके जुळले नाहीत, तर बाहेरची खरखर आत शिरते.

वीजही इथरनेटच्या तारेतूनच घ्यावी, हा मोह होतोच. २००३च्या पीओई मानकाप्रमाणे डब्यापर्यंत जवळजवळ १३ वॉट पोचतात आणि तेवढ्यात आठ प्रीअँप, रूपांतरक आणि प्रोसेसर काटकसरीने भागवता येतात. योगायोगाने त्या तारेतला दाबही ४८ व्होल्टच्याच आसपास असतो. तोच सरळ मायक्रोफोनला जोडला की झालं, असं नवख्याला वाटतं. तसं केलं, तर तारेच्या आणि मायक्रोफोनच्या मधली विद्युत-विलगता संपते आणि जो हम टाळण्यासाठी इथरनेट घेतलं, तो मागच्या दाराने परत येतो. ४८ व्होल्ट आतल्या बाजूला स्वतंत्रपणे तयार करावे लागतात.

रूपांतरक कुणाचा घ्यायचा, या प्रश्नाला ऑक्टोबर २०२०मध्ये फार गंभीर वळण मिळालं. जपानमधल्या मियाझाकी प्रांतात नोबेओका इथल्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ती विझायला काही दिवस लागले. जगातल्या कितीतरी नामांकित ऑडिओ उपकरणांचे रूपांतरक तिथूनच येत. बाजारातून चिपा गायब झाल्या आणि अनेक उत्पादकांना आपली यंत्रं दुसऱ्या चिपेवर नव्याने बेतावी लागली. ज्याचा आराखडा उघड आहे, त्या डब्यासाठी हे काम कुठल्याही गावातला जाणकार हाती घेऊ शकतो. ज्याचा नाही, त्याच्या मालकाला कंपनीची वाट पाहावी लागते. खुलेपणाचा हा फायदा जाहिरातीत दिसत नाही, पण दहा वर्षांनी डबा दुरुस्तीला टेबलावर आला, की नेमका तोच लागतो.

आराखडा काढण्याची साधनंही आता खुली आहेत. सर्किट आणि छापील पट्टीसाठी कीकॅड आहे. मुंबई आयआयटीच्या फॉसी प्रकल्पाने कीकॅड आणि एनजीस्पाइस यांची सांगड घालून ई-सिम हे साधन केलं आहे. त्यात प्रीअँप बनवण्याआधी तो संगणकावर चालवून पाहता येतो आणि अभियांत्रिकीच्या मुलांना त्यासाठी परवान्याचे पैसे मोजावे लागत नाहीत. पाकिटं भरण्याचं काम एफपीजीएवर, म्हणजे आतलं सर्किट आपल्याला हवं तसं ठरवता येणाऱ्या चिपेवर, करायचं असेल, तर लॅटिस कंपनीच्या ईसीपी५ चिपेसाठी योसिस आणि नेक्स्टपीएनआर ही खुली साधनं आहेत. रोधक, संधारक, एक्सएलआर सॉकेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत हिंडून जमवता येतात.

बारीकसारीक अडचणी मात्र वेगळ्याच ठिकाणी दबा धरून बसलेल्या असतात. जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला जगात एकमेव असा ४८ बिटांचा पत्ता लागतो. असे पत्ते आयईईईकडून पैसे भरून ठोकात घ्यावे लागतात आणि वीस-पंचवीस डबे बनवणाऱ्याला ते परवडत नाही. त्यावरची तोड स्वस्त आहे: मायक्रोचिप कंपनीची एक इवलीशी स्मृती-चिप मिळते, तिच्यात असा पत्ता कारखान्यातच कोरलेला असतो. ती पट्टीवर बसवली, की प्रश्न मिटतो.

एवढं करून डबा तयार झाला, तरी तो ज्या सभागृहात जाईल तिथे बहुधा दान्ते आधीच बसलेलं असेल. दान्ते उत्तम चालतं, त्याची मांडणी सोपी आहे आणि साउंडवाल्यांचा त्यावर विश्वास आहे. पण ते मालकीचं आहे. त्याची चिप किंवा प्रोग्राम परवाना घेऊनच वापरावा लागतो. त्याचं मूळ घड्याळ पीटीपीच्या पहिल्या आवृत्तीवर चालतं आणि एईएस६७चं दुसऱ्या. दान्तेच्या बऱ्याच यंत्रांत एईएस६७ची सोय आहे, ती चालू करावी लागते. जाळ्यावरचे निरोप न्याहाळून दान्तेची बोली उलगडण्याचा इन्फर्नो नावाचा खुला प्रयत्नही आहे. त्याच्या कर्त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. तरीही नव्या डब्याचा पाया एईएस६७वरच असावा. दुसऱ्याच्या बोलीची नक्कल त्याने बोली बदलेपर्यंतच टिकते.

एईएस६७मध्येही एक खिडकी मुद्दाम उघडी ठेवली आहे. जाळ्यावर कोणकोणते आवाज उपलब्ध आहेत हे कसं कळावं, याचा नियम त्यात घातलेला नाही. दान्ते एका पद्धतीने जाहीर करतं, रावेना दुसऱ्या. चांगल्या खुल्या डब्याने दोन्ही पद्धतींनी स्वतःची ओळख द्यावी. प्रसारण क्षेत्रातल्या एनएमओएस या खुल्या नियमावलीची भर घातली, तर दूरदर्शनसारख्या केंद्रांच्या नव्या यंत्रणांशीही बोलता येईल.

लिनक्सच्या बाजूला जमीन चांगली तयार आहे. २०११मध्ये पीटीपीच्या घड्याळांची सोय लिनक्सच्या गाभ्यात आली. रिचर्ड कॉक्रन यांचं लिनक्सपीटीपी हे साधन आज जगभर वापरलं जातं. रावेनाचा लिनक्स ड्रायव्हर मर्जिंग या स्विस कंपनीने खुल्या परवान्यावर दिला. पाइपवायर या नव्या ध्वनिव्यवस्थेतही एईएस६७ आहे. ठरलेल्या वेळेत काम हमखास पुरं करणारी रिअल-टाइम सुधारणा वीसेक वर्षं बाहेरच्या पॅचच्या रूपात वाढली आणि २०२४च्या ६.१२ या आवृत्तीत मूळ गाभ्यात दाखल झाली.

हे सगळं एका इमारतीपुरतं. दोन शहरांत बसून एकत्र गायचं-वाजवायचं असेल, तर दुसरा धडा सुरू होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगीत-संशोधन केंद्रात ख्रिस चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून टाळ्यांचा ठेका धरायला लावला आणि मधला विलंब बदलत नेला. ११.५ मिलिसेकंदांच्या आसपास लय स्थिर राहिली. विलंब त्याहून वाढला तशी लय ढिली पडत गेली, आणि त्याहून कमी असताना ती चढत गेली. ११.५ मिलिसेकंदांत हवेतून आवाज सुमारे चार मीटर जातो. बैठकीत गायक आणि तबलजी याहून जवळच बसतात.

चेफ यांच्या गटाने घडवलेला जॅकट्रिप हा खुला प्रोग्राम २०२०च्या टाळेबंदीत पुन्हा पुढे आला. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रागात्झी बॉइज कोरसच्या मुलांसाठी एका पालकाने रास्पबेरी पाय आणि त्यावर बसणारं ध्वनी-कार्ड यांचा छोटा डबा तयार केला. मुलं घरून तो डबा तारेने राउटरला जोडत आणि एकमेकांबरोबर गात. परिसर एकच असल्याने हे शक्य झालं. त्याच टाळेबंदीत आपल्याकडचे गुरू व्हिडिओ कॉलवर परदेशातल्या शिष्यांना शिकवत होते. गुरूने गाऊन दाखवायचं, मग शिष्याने गायचं, ही रीत विलंब पचवते; तानपुरा दोघांनी आपापल्याकडे लावला, की सूरही सांभाळला जातो. तबल्याची साथ मात्र जमत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन किमान १३५ मिलिसेकंद. द्रुत तीनतालात मिनिटाला ३०० मात्रा धरल्या, तर एक मात्रा २०० मिलिसेकंदांची. दोन तृतीयांश मात्रा समुद्रातच जाते. कुठलाही डबा हे बदलू शकणार नाही.

मुंबई आणि पुणे यांची गोष्ट निराळी आहे. दीडशे किलोमीटरला प्रकाश एक मिलिसेकंदही घेत नाही. तिथे खरा वेळ खातात ते वाय-फाय, लॅपटॉपच्या साउंड कार्डाचे बफर आणि लांबून फिरवलेली वाट. पहिले दोन अडथळे तारेने जोडलेला खुला डबा दूर करतो. वाट मात्र निवडावी लागते. दोघेही सिंगापूरच्या सर्व्हरला जोडले गेले, तर पुण्याचा तबला सुमारे चार हजार किलोमीटर जाऊन तितकाच परत येतो आणि केवळ प्रकाशाच्या प्रवासातच ४० मिलिसेकंद जातात. जॅकट्रिप आणि जॅम्युलस या दोन्ही खुल्या प्रोग्रामांचा सर्व्हर कुणालाही स्वतः चालवता येतो. तो मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या छोट्या संगणकावर ठेवला, तर गायक आणि तबलजी यांच्यामध्ये घरातल्या डब्यांचे काही मिलिसेकंद आणि घाटाएवढं अंतर, इतकंच उरतं.